बाबांचा इस्त्रीचा शर्ट

चंगडू, ६ एप्रिल

आदरणीय ताई,

नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो ना? मी बरा आहे. बाबा जरा जास्तच बरे आहेत, आणि हे पत्र त्यासाठीच आहे.

आई गेल्यापासून चार वर्षांत बाबांनी शर्टाला इस्त्री केली नव्हती. आता महिनाभर रोज दुपारी कडक इस्त्री! मला संशय आला. (बापावर पाळत ठेवणं वाईट, असं मी वहीत लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या मागे गेलो.) आधी ते ‘बांबूछाया’ चहाघरात बसले. मीही कोपऱ्यात चहा घेतला. ते उठले, तसं मी माझ्या चहाच्या वाटीवरचं झाकण खुर्चीवर ठेवलं, म्हणजे जागा राखलेली, वाटी कोणी उचलत नाही. पुढे ‘नदीकाठ’मध्ये तेच. शेवटी ते विहिरीच्या गल्लीतल्या चहाघरात एका बाईंसमोर बसले आणि त्यांना सूर्यफुलाच्या बिया सोलून देऊ लागले. आपल्याला कधी दिल्या होत्या का? मी समोरच्या बारमधून खिडकीआडून पाहत होतो. (बारमध्ये झाकण नसतं, म्हणून जाता-येता पेल्यावर टोपी ठेवायचो.)

असे नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी ‘बांबूछाया’चे वाढपी फंगकाका कानाशी येऊन म्हणाले, “सोडा नाद, साहेब. ती यायची नाही.”

“कोण ती?”

“जिच्यासाठी तीन-तीन ठिकाणी जागा धरून ठेवता, ती! अख्खी गल्ली हळहळते हो.”

फंगकाकांनी हे बाबांनाही सांगितलं. बाबा त्या बाईंना घेऊन थेट माझ्या टेबलाशी. “अरे वेड्या, बापाला तरी सांगायचंस! या यिनबाई. आम्ही मे महिन्यात लग्न करतोय. यांची एक भाची आहे, भेटून घे.” मी पाळतीचं कबूल करायला हवं होतं. केलं नाही, उलट खिन्न चेहरा केला. याला खोटं बोलणं म्हणायचं का?

ते असो. या यिनबाई कोण, कुठल्या, आईच्या खोलीत राहणार का, मला काहीच ठाऊक नाही. बाबा फक्त तुझंच ऐकतात. रविवारी ये आणि हे लग्न थांबव.

तुझा धाकटा,
योंगछी

ता. क. पत्र तीन दिवस खिशातच राहिलं. काल भाचीला, रुइलानला, भेटलो. मी उसासा टाकताच म्हणाली, “त्या न आलेल्या बाईचं नाटक माझ्यासमोर नको. मावशीवर लक्ष ठेवायला मी त्याच बारमध्ये तुमच्या मागे बसायचे. तुमच्या डोक्यामुळे काही दिसायचं नाही.”

ता. क. २. रविवारी नक्की ये, पण थांबवू काही नकोस. बाबांना उलट घाई करायला सांग. त्यांचं उरकल्याशिवाय माझ्या लग्नाचं काढणं बरं दिसणार नाही, आणि मे फार लांब आहे.