पिस्टन, साडू आणि धोंड्याचं जेवण

१४ मार्च १९९९, सातपूर

आजही इंजिन फिरलं नाही. गच्चीवर भाताच्या तुसाची शेगडी पेटवून तासभर बसलो. हाताने चाकाला गती दिली की चार फेऱ्या मारतं, मग रुसतं. सु. कपडे वाळत घालत होती. म्हणाली, "एवढ्या वेळात पापड भाजून झाले असते."

लग्नाला अठरा वर्षं झाली तरी तिला पुन्हा समजावलं. नळकांड्यात हवा कोंडलेली. एक टोक तापवायचं, दुसरं पाण्याने गार ठेवायचं. हवा फुगते, आक्रसते, पिस्टन हलतो. डिझेल नको, काही नको. तिच्या माहेरी, पेठच्या पुढे पाड्यावर, तुसाचे ढीग पडलेत आणि विजेचे नुसते खांब उभे आहेत. अण्णांना, म्हणजे सासऱ्यांना, मी शब्द दिलाय. धोंड्याच्या महिन्यात जेवायला येईन तेव्हा ओटीवर दिवा लावीन.

"बाबा विसरले असतील," म्हणाली.

मी नाही विसरलो.

२ एप्रिल

दिलीप आला होता. साडू. पंचवटीत मोटारी रिवाइंड करतो. संक्रांतीला माझ्या ड्रॉइंगची झेरॉक्स घेऊन गेला होता, मी म्हटलं नेऊ दे, त्याला काय कळणार. आज म्हणतो, "दादा, मीपण एक ठोकलंय. फिरतंय."

दुकानात जाऊन पाहिलं. शिलाई मशीनचं चाक, ड्रॉइंगच्या मापाचा कुठला तरी पाइप. पिस्टन असा सैल की बापाचा सदरा पोराने घातलाय. खडखडतं, तेल गळतं. पण फिरतं. सायकलचा डायनॅमो लावून दिवा पेटवून दाखवला.

"छान," म्हणालो. जळलो, दुसरं काय. निदान इथे तरी खरं लिहू.

११ एप्रिल

कारण सापडलं. माझा पिस्टन गार असताना लोण्यासारखा सरकतो, तापला की नळकांड्यात आवळतो. कारखान्याच्या टूलरूममधली सवय, फट ठेवायची म्हटलं की हात अडतो. थोडा घासून सैल केला तर फिरेलही. पॉलिश पेपर हातात घेतला, ठेवून दिला. दिलीपसारखं काम मी करायचं?

३० मे, पाडा

धोंड्याचं जेवण झालं. सासूबाईंनी थोरला म्हणून मला आधी ओवाळलं. अनारशांचं ताट, वर दिवा. दिलीपला माझ्यानंतर. तेवढंच समाधान, ते संध्याकाळपर्यंत टिकलं.

दिलीपने जीपमधून इंजिन आणलेलं. ओटीवर मांडलं, शेगडीत तूस भरलं. खडखड करत फिरलं आणि दिवा लागला. सगळा पाडा जमला. शेजारचा सोमाबाबा म्हणाला, "आवाज लय हाय, पन उजेड झाला. धाकला जावई लय गुनाचा." थोरला शेजारीच उभा होता, ते त्याच्या गावीही नाही.

सु. दिव्याकडे बघत होती. तिचा चेहरा असा उजळलेला मी कितीक वर्षांत पाहिला नाही. सासूबाई आणखी एक धोंडा वाढायला आल्या. "नको," म्हटलं.

आणि दिलीप सगळ्यांना सांगतो, "ड्रॉइंग दादांचं आहे बरं का." म्हटला नसता तर परवडलं असतं.

१९ जून

अण्णांनी पेठला येऊन फोन केला. दिव्याखाली त्यांनी पोरींचा वर्ग सुरू केलाय. शाळा सोडलेल्या, दिवसा पेरणीचं काम करून येणाऱ्या. पण इंजिन आता दमतं, दिवा मिणमिणतो. सु.ने फोन ठेवून सांगितलं.

बरं वाटलं. साखर वाटावी इतकं. चेहऱ्यावर दिसलं असावं, कारण जेवताना तिने "वरण वाढू का" विचारलं नाही, नुसतं वाढलं.

२७ जून

दिलीप पिशवीतून नळकांडं घेऊन आला. त्याचा पिस्टन पार झिजलाय, नळकांडंही आतून झिजून रुंद झालंय. ओट्यावर ठेवून म्हणाला, "दादा, इतकं बारीक काम मला जमत नाही. तुमचा हात लागला तरच." कारखान्यात खासगी काम आता बंद केलंय, नवा पिस्टन दिवाळीपर्यंत तरी व्हायचा नाही. तेच सांगितलं. तो चहा सांगायला सु.कडे आत गेला.

कपाटातून माझा पिस्टन काढला. सहज. त्याच्या नळकांड्याला खालून तळहात लावला आणि वरून पिस्टन सोडला. पडला नाही. कोंडलेल्या हवेवर तरंगत, सावकाश, स्वतःच्या वजनाने उतरत गेला. फट अगदी हवी तेवढी, तापला तरी आवळणार नाही. माझ्या नळकांड्यात असा कधी उतरला नव्हता.

कपबशांचा आवाज आला. झटकन काढून खिशात टाकला.

"बघतो काही जमतं का," म्हणालो. नळकांडं तो ठेवून गेलाय.

२ जुलै

दिलीप उद्या सकाळी पाड्याला निघणार, जाताना नळकांडं घेऊन जाईल. पिस्टन तेलाच्या फडक्यात गुंडाळून समोर ठेवलाय. दिला तर माझं इंजिन संपलं. तिथे दिवा लागेल तो त्याच्या नावाने. पुन्हा सांगेल, पिस्टन दादांचा बरं का. आणि नाही दिला तर माझं तरी कुठे फिरतंय.

सु. आत्ताच दारात येऊन म्हणाली, "दिलीपबरोबर काय काय द्यायचंय? पिशवी भरते."

"लोणच्याची बरणी दे. सासूबाईंना आवडतं."

"आणि?"

फडक्याकडे बघून विचारलं तिने. मी मान खाली घालून हे लिहितोय. ती पिशवी उघडी धरून दारात उभीच आहे.