एकटीने प्रवासाला निघालेल्या आईस

१२ फेब्रुवारी, रविवार सकाळ

प्रिय आई,

सुट्टीवर गेलेल्या बाईने लॉजच्या उशांचे अभ्रे शिवून खोलीचं भाडं वाचवलं, तर ती सुट्टी म्हणायची की नोकरी? कालपासून विचार करतेय. घरातल्या एकुलत्या एका पदवीधराला उत्तर येत नाही.

तुझं पत्र मिळालं. भूक लागते, झोप लागते, हे वाचून बरं वाटलं. इकडे सगळं ठीक. बाबाही ठीक.

तू विचारलंयस, "चार दिवस जास्त राहू का? मालकीणबाई म्हणतात, पडदेही शिवून दिलेत तर पैसे नकोत." वर टोमणा, "पैसे वाचवायला तूच सांगितलंस ना, मास्तरीणबाई?" सांगितलं होतं खरं. पण काय सांगितलं होतं? शनिवार-रविवार टाळ, खोली स्वस्त मिळते. ड्रायव्हर लोक जेवतात तिथे जेव. रिक्षात बसण्याआधी किती घेतात ते एखाद्या दुकानदाराला विचार. जाशील तिथे शिवणयंत्र शोध, असं कुठे म्हटलं होतं?

बाकीचं पाळतेस ना? पैसे दोन ठिकाणी ठेव. नव्या गावात उजेडी पोच. कुणी "एकट्याच का?" म्हणालं तर "मुलगी मागून येतेय" म्हण. दाराखाली रबरी पाचर लाव. तिला तूच अडखळलीस, हे वाचून खूप हसले, पण म्हणून लावायची सोडू नकोस.

आई, आजवर तू घर सोडलंस ते कुणाच्या बाळंतपणाला, नाहीतर कुणाच्या आजारपणाला. नुसते डोंगर बघायला पहिल्यांदाच गेलीस, आणि तिथेही तुला कुणाचं तरी उसवलेलं दिसलंच.

बाबा ठीक आहेत असं वर लिहिलंय. तसे ठीकच आहेत. गुरुवारी त्यांनी तापलेला तवा नुसत्या हाताने उचलला. दोन बोटं भाजली. डॉक्टर म्हणाले, काळजीचं काही नाही, आठवड्यात भरून येईल. बाबांनी मला दम दिला, "आईला कळवलंस तर याद राख. पहिल्या गाडीने येईल आणि जन्मभर ऐकवेल." मीही गप्प बसणार होते. दोनदा फोनवर बोललो तेव्हा "सगळं ठीक" म्हणूनही झालं. पण तुझ्यापासून लपवून तुला तिथे आनंदात ठेवायचं, म्हणजे तुझ्या वतीने आम्हीच ठरवल्यासारखं झालं. तेच तर आजवर होत आलंय.

म्हणून कळवतेय, आणि फोनवर नाही, पत्रात, म्हणजे तुला शांतपणे वाचून ठरवता येईल. मी रजा टाकून शुक्रवारीच घरी आले. बाबा डाव्या हाताने भाजी ढवळतात, मी मीठ किती विचारते, ते "तुझ्या पुस्तकात नाही का?" म्हणतात. कालची भाजी दोघांनी पाण्याबरोबर गिळली. पण गिळली. आमची उपासमार होत नाहीये.

हे पत्र दुपारच्या बसच्या कंडक्टरकडे देतेय, म्हणजे तुला उद्या मिळेल. तुझं मंगळवारचं परतीचं तिकीट रद्द केलेलं नाही. बाबांना बघितल्याशिवाय चैन पडणार नसेल तर ये, मी स्टँडवर असेन. राहावंसं वाटलं तर रहा, आणि सुई घ्यावीशी वाटली तर घे, पण भाड्यापायी नको. मालकीणबाईंशी आत्ताच फोनवर बोलले. शनिवारपर्यंतचं भाडं मी भरून टाकलंय.

तुझी लेक