गाई कुणाच्या नावावर

सोमवार, १ डिसें.
आठवीचा कोडिंगचा तास. पाचपैकी तीन संगणक सुरू झाले, म्हणजे आज नशीब जोरावर. विषय: आपल्या रोजच्या जगण्यानं हवेत किती कार्बन जातो. पुस्तिकेतला शब्द 'कार्बन पदचिन्ह'. पोरांनी दहा मिनिटांत त्याचा 'पाय' करून टाकला. बरं झालं, मलाही तेच सोपं.

ठोकळे जोडून प्रोग्राम केला तो अश्विनीनं. पडद्यावर प्रश्न येतो: शाळेत कशावर येतोस, घरात गॅस का चूल, विहिरीवरची मोटार किती वेळ चालते. उत्तर टाकलं की पडद्यावरचा पाय तेवढा वाढतो. आकडे तेवढे मी पुस्तिकेतून दिले, बाकी सगळं तिचं डोकं. ही पोरगी कधीकधी मलाच घाम फोडते.

मु.अ. सरांना सांगून टाकलं, तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला हाच प्रयोग आणि अश्विनीच. ते म्हणाले, "बॅनरचं माझ्याकडे लागलं." बॅनर म्हटलं की सरांच्या अंगात येतं.

बुधवार, ३
आज एकेकानं आपापला पाय काढला. मजा चालली होती. मग मलाच दुर्बुद्धी सुचली. म्हटलं, जनावरांचा प्रश्न राहिलाय की. रवंथ करताना गाय मिथेन सोडते, तोही धरा. अश्विनीनं लगेच ठोकळा जोडला आणि पहिली स्वतःच बसली.

तिच्या गोठ्यात आठ जर्सी गाई. आठ टाकल्याबरोबर पाय फुगत फुगत पडद्याबाहेर. शेवटी नुसता अंगठा दिसायला लागला. ओंकार मागून ओरडला, "अय, हत्तीन आली रे!" सगळा वर्ग हसला.

मीही हसले. अंगठा दिसतच तसा होता.

अश्विनीनं मशीन नीट बंद केलं, खुर्ची आत सरकवली आणि जागेवर जाऊन बसली. तासभर मान वर नाही.

गुरुवार, ४
दूध आलं नाही. रोज शाळेच्या आधी अश्विनीच किटली आणून देते, गेल्या वर्षापासूनचा रतीब. वाट बघितली, मग कोरा चहा पिऊन निघाले. कोरा चहा म्हणजे माझ्या दृष्टीनं काढाच. सकाळभर सगळ्यांवर खेकसत होते.

वर्गात होती. कोडिंगला मात्र, "डोकं दुखतंय." प्रदर्शनाचं काढलं तर, "दुसऱ्या कुणाला न्या मॅडम."

शुक्रवार, ५
मधल्या सुट्टीत तिची आई, संगीताताई. डेअरीवरून थेट, स्कूटीला रिकामे कॅन तसेच. वडील सध्या कारखान्याच्या उसावर ट्रॅक्टर घेऊन गेलेत, गोठा एकट्या बघतात. आल्या त्या व्हरांड्यातच उभ्या.

"मॅडम, आमच्या गाईंनी तुमचं काय घोडं मारलं?"

मी म्हटलं, आत तर या.

"आत न्हाई येत. पोरगी दोन दिस झालं दूध पीत न्हाई. म्हनती गाई इकून टाक, आपल्यामुळं जग तापतंय. तिचा चष्मा गाईंचा, तिचं दप्तर गाईंचं. आन तुमी तिला हत्तीन म्हनून हसता व्हय?"

म्हटलं, ते ओंकार म्हणाला, मी नाही.

"हसला का न्हाई तुमी?"

हसले होते. हो, म्हटलं.

"मग झालं तर. तुमचं दूध बंद, तिचं प्रदर्शन बी बंद."

स्कूटीला किक मारली आणि गेल्या. असा राग आला मला! विज्ञान शिकवायचं की गाईंची मर्जी सांभाळायची? घरी येईपर्यंत तोंडातल्या तोंडात भांडत होते. भाकरी थापताना राग उतरला आणि कळलं, बाई गाईंसाठी आल्याच नव्हत्या. पोरीसाठी आल्या होत्या.

शनिवार, ६
पिशवीचं दूध. चहा पांचट.

शाळा सुटताना अश्विनीला फाटकाशी गाठलं. म्हटलं, मी हसले ते चुकलं माझं. ती चपलेनं माती उकरत राहिली. मग म्हणाली, "पन आकडा खरा हाय ना मॅडम?"

खरा आहे, म्हटलं.

"मग?"

पंधरा वर्षं शिकवतेय. या 'मग'वर मी फाटकाची कडी लावायला लागले.

रविवार, ७
राहवेना, संध्याकाळी त्यांच्या वस्तीवर गेले. संगीताताई धार काढत होत्या. बघितलं आणि धार चालूच ठेवली. थोड्या वेळानं बाजेवर चहा आणून आदळला. कपभर, नुसत्या दुधाचा, वर साय. म्हटलं, दूध बंद ना? "दारात आलेल्याला चहा न्हाई म्हनत न्हाई आमी." चेहरा तसाच. मी गुमान प्यायले. काय चहा होता!

तेवढ्यात डेअरीचा टेम्पो आला. अश्विनी कॅन देत होती. ड्रायव्हरला विचारलं, "काका, हे पुढं कुठं जातं?" तो म्हणाला, "पुण्याला. अजून कुठं?" टेम्पो गेला तरी ती रस्त्याकडे बघत उभी. मग माझ्याकडे वळून, "मॅडम, दूध ते पितात, मग गाय आमच्याच नावावर का?"

एवढंच.  येताना माझी पावलं जरा हलकी पडत होती.

सोमवार, ८
प्रार्थनेच्या आधीच संगणक खोलीच्या दारात अश्विनी. किल्ली मागितली.

नवा ठोकळा: 'यातलं दूध घरात किती राहतं?' घरात राहील तेवढीच गाय घराच्या नावावर, बाकीची पिणाऱ्याच्या. आकडा टाकला, पाय पडद्यात मावला. पाच बोटं, टाच, सगळं दिसलं. मी टाळ्या वाजवल्या, पोरांनीही.

इथं थांबलं असतं तर बरं. पण आठवीच ती. ओंकार उठला, "मॅडम, मग आमचा ऊस साखर खानाऱ्यांच्या नावावर!" दुसरा म्हणाला, कांदा दिल्लीवाल्यांचा. तिसऱ्यानं ट्रॅक्टर कारखान्याच्या माथी मारला. तास संपायला आला तेव्हा सगळ्या वर्गाचे पाय मिळून एका चिमणीचा पंजा. "पुन्यावाल्यांनीच केलंय समदं!" आरडाओरडा नुसता. हिशेबात चूक म्हणावी तर नाही, पण मला काही ते पटेना. विहिरीवरची मोटार काय पुणेकर येऊन चालू करतात?

अश्विनी मात्र शांत. म्हणाली, "मॅडम, तुमचा पाय काढायचा राहिलाय."

खरंच की. आजवर एकदाही नाही. बसले. स्कूटी, गॅस, गिझर, उन्हाळ्याच्या सुट्टीतला विमानाचा प्रवास. शेवटी प्रश्न: 'दूध किती पिता?'

म्हटलं, सध्या पिशवीचं पितेय.

वर्ग खो खो हसला. अश्विनीही हसली! बुधवारनंतर आज पहिल्यांदा. रोजचं लिटरभर टाकलं. माझा पाय पडद्याबाहेर, नुसता अंगठा.

ओंकारनं तोंड उघडलं, पण अश्विनीनं मागं वळून बघितलं, तसं त्यानं मिटलं. मला वाईट वाटलं का? वाटलं. हसण्यावारी नेलं, तरी वाटलं. तिला बुधवारी काय झालं असेल ते आज कळलं.

बुधवार, १०
मु.अ. सरांचा बॅनर तयार. पृथ्वी एवढीशी, सरांचा फोटो हा एवढा. प्रदर्शनाची नावं उद्या दुपारपर्यंत कळवायची. सर म्हणाले, ओंकारचं टाका, वेळ नको घालवायला. मी म्हटलं, थांबा उद्यापर्यंत.

अश्विनीला विचारलं. "माझं मन हाय. आई न्हाई म्हनती." संगीताताईंना फोन करावा वाटला, केला नाही. पुन्हा जाऊन चहा पिणं काही बरं दिसत नाही.

गुरुवार, ११
सकाळी कडी वाजली. अश्विनी, हातात किटली.

पाठ करून आल्यासारखं म्हणाली, "आईनं सांगितलंय, दूध घ्या, पन तेवढी गाय तुमच्या नावावर धरायची."

धरली, म्हटलं. हसू आवरेना. किटली घेतली, अजून कोमट होती. मग हळूच विचारलं, आणि प्रदर्शनाचं?

ती उंबऱ्यातच उभी राहिली. "आई म्हनली, आधी मॅडमला इचारून ये. तिथं सायेब लोक हसले, तर तुमी बी हसनार का?"

किटली खाली ठेवली. नाही, म्हटलं. 

तिनं चष्मा वर सारून माझ्याकडे नीट बघून घेतलं. "सांगते आईला," म्हणाली आणि गेली.

दूध तापत ठेवलंय. नावं दुपारी कळवायची आहेत.