टोचणारा आधी वेगळा काढ

रिसोड
८ जानेवारी २०२५

ती. आईस,
वर्षाराणीचा शि. सा. न. वि. वि.

नमस्कार रीतीप्रमाणे लिहिला आहे. एरवी हात जोडायची इच्छा नाही, एवढी मी रागावले आहे. फोन मुद्दाम करत नाही. तुला कमी ऐकू येतं म्हणून तू स्पीकर लावतेस आणि दारापुढच्या ओट्यावर बसून बोलतेस. आपल्या धाकट्या वैष्णवीनं सासरहून रडत फोन केला तेव्हाही तू ओट्यावरच होतीस. नवऱ्यानं, ऋषिकेशनं, तिला पट्ट्यानं कसं मारलं, दाराबाहेर कसं काढलं, हे तिनं आईला सांगितलं आणि ऐकलं अख्ख्या गल्लीनं. ती घरी पोचायच्या आधी तिची गोष्ट अनसिंगच्या स्टँडवर पोचली होती.

काल आपल्या गल्लीतला दौलतसिंग जीप घेऊन इकडे आला होता. त्याच्या बायकोनं त्याला सांगितलं आणि त्यानं मला, की शेजारच्या गोमतीबाईनं तुझ्याच घरात बसून वैष्णवीची बाही वर सारली आणि दंडावरचे वळ चार बायांना दाखवले. तू तेव्हा चहा गाळत होतीस म्हणे. आई, तुझ्या हातातली गाळणी कशी खाली पडली नाही? मी इथं भरल्या बाजारात, पिशवी हातात घेऊन, त्या बिचाऱ्या दौलतसिंगवरच ओरडले.

शिवाय मारोतराव मामानं रविवारी, १९ तारखेला, तुझ्या घरी बैठक ठेवली आहे असं कळलं. पोरीची समजूत काढून तिला परत नेऊन घालायचं, संक्रांतीच्या महिन्यात सवाष्ण बाई माहेरी बरी दिसत नाही, असं त्याचं म्हणणं. तू हो म्हणालीस का, एवढंच मला कळव. तिची इच्छा नसताना तिला कोणी जीपमध्ये बसवलं तर मी त्या जीपपुढे आडवी होईन.

मी वैष्णवीला पाठवलेली कोंबडीची पिल्लं कशी आहेत? त्या घरात काहीतरी तिचं स्वतःचं असावं, म्हणून पाठवली होती.

लोभ तूर्त रोखून धरला आहे. उत्तर आलं की सोडते.
तुझी,
वर्षाराणी


अनसिंग
१० जानेवारी २०२५

चि. सौ. वर्षाराणीस,
आईचे अ. उ. आ.

तुझा नमस्कार मिळाला, त्याच्यामागून आलेला मारही मिळाला. रिसोडला बसून आईला शिकवणं सोपं आहे. तुझे बाबा गेले तेव्हा हीच गोमतीबाई तेरा दिवस माझ्या चुलीपाशी बसली होती. तिला दारातून परत धाडू? आणि तुझा मामा थोरला आहे. बाबांच्या माघारी कोणतं कार्य त्याच्यावाचून झालं? तो बैठक म्हणाला, मी मान डोलावली. नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, पण तो तोवर तारीख सांगून उठलाही होता.

आणि तुझी ती पिल्लं! पिल्लं कसली, खाटीक आहेत. एक तर मेलंच. दुसरं, ते राखाडी, ज्याचं नाव वैष्णवीनं बादल ठेवलंय, त्याच्या पाठीवर शेपटाच्या वर सगळ्यांनी मिळून टोचून टोचून कातडं काढलंय. रक्त आलं की अजून धावतात. मी त्याला बाहेर काढते, हळद लावते आणि एकटं पडून घाबरू नये म्हणून पुन्हा भावंडांत सोडते. सोडलं की पुन्हा तेच.

आम्ही काही कमी केलं नाही. थंडी फार म्हणून टीव्हीच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवली, वर मोठा बल्ब लावला, तो रात्रंदिवस चालू. आली त्या दिवशी मी त्यांना ओवाळलं, हळदीकुंकू लावलं. आपल्या घरात शिलाई मशीन आलं तेव्हा लावलं, बकरी आली तेव्हा लावलं, मग यांनाच का नाही? सगळ्यांना चिमूट चिमूट लावलं. बादल पोरीचं लाडकं, म्हणून त्याला तेलात कालवून पाठीवर चांगलं बोटभर लावलं. तरी त्याच्याच नशिबी हे.

वैष्णवी दोन घास खाऊन उठते. काल मला म्हणाली, की हे पिल्लूही माझ्या हातून गेलं तर मामा सांगेल तिकडे जाते, माझ्यानं काही निभत नाही हेच खरं. गोमतीबाईनं त्यात भर घातली, की पोरीच्या हाताले यशच नाही. त्या पिल्लाचं काय करायचं ते लवकर कळव. तुझ्या परसात एवढ्या कोंबड्या आहेत, तुला कळत असेल.

रोखलेला लोभ तुझ्यापाशी ठेव, मी माझा धाडते आहे.
तुझी,
आई


रिसोड
११ जानेवारी २०२५

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

दौलतसिंगनं आणून दिलेलं पत्र वाचलं आणि कपाळावर हात मारून घेतला. आई, कोंबडीला लाल दिसलं की तिची चोच तिकडे जाते. तू त्याच्या पाठीवर तेलातलं कुंकू बोटभर लावलंस. बाकीच्यांची चिमूट झटकली गेली, त्याचं चिकटून राहिलं. पहिली चोच त्या कुंकवावर पडली, त्यातून रक्त निघालं, मग रक्तावर सगळे पडले. दाटीवाटीचं खोकं, डोळ्यांवर अखंड उजेड आणि दिवसभर काही काम नाही, अशानं माणसंसुद्धा एकमेकांना टोचतात. आपल्या गल्लीत तर थंडीतही टोचतात, उन्हातही टोचतात.

आता सांगते तसं कर, मध्ये आपली अक्कल घालू नको. बादलला आज, आत्ता वेगळं काढ. कोमट पाण्यात मीठ घालून कापसानं जखम धू, कुंकवाचा कण राहू देऊ नको. मग जांभळं औषध लाव. लहानपणी आमचं तोंड आलं की लावायचीस तेच, मेडिकलमध्ये मिळतं. जखमही सुकते आणि लाल झाकलं जातं. डोळ्यांजवळ जाऊ देऊ नको. दाणापाणी त्याच्यापुढेच ठेव. बाकीच्यांना मोठी जागा दे, बल्ब लहान लाव, पालकाची जुडी दोरीनं टांग म्हणजे चोचीला उद्योग मिळेल, आणि एका कोपऱ्यात राख ओत, लोळतील.

त्यांच्यात एखादा म्होरक्या असेल. तो पहिली चोच मारतो, बाकीचे त्याचं बघून मारतात. बसून नीट पाहा आणि टोचणारा आधी वेगळा काढ. आपण नेहमी जखमी तेवढं उचलतो आणि टोचणाऱ्याला राज्य देऊन ठेवतो. आणि जखम भरल्याशिवाय बादलला परत सोडायचं नाही. एकटं पडतं, बरं दिसत नाही, भावंडं आहेत, असलं काही मला ऐकायचं नाही. हे मी फक्त पिल्लाबद्दल लिहीत नाही, तुला कळतंय.

माझी सासू पडून आहे म्हणून निघता येत नाही, नाहीतर मीच आले असते आणि आधी गोमतीबाईची बाही वर केली असती.

लोभ थोडा सोडला आहे. जपून वापर.
तुझी,
वर्षाराणी


अनसिंग
१६ जानेवारी २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं अक्षर बारीक, आईला चष्म्यानंही लागत नाही. त्यामुळे तुझी दोन्ही पत्रं मीच तिला वाचून दाखवली. एक शब्दही गाळला नाही. आईही ऐकत होती आणि मीही. तुम्ही दोघी माझ्यासाठी एवढ्या भांडता, पण मला काय हवंय हे विचारावं असं एकीच्याही मनात आलं नाही. मला त्याचा फार राग आला आहे, म्हणून लिहिते.

मला परत जायचं नाही. समजूत काढूनही नाही, त्यानं माफी मागितली तरी नाही. ते पिल्लाबद्दलचं मी रडता रडता बोलले होते, ते शब्द परत घेते. आणि माझे वळ आता कोणीही पाहायचे नाहीत. गोमतीबाईनं बाही सारली तेव्हा मी गप्प का राहिले असं आई विचारते. घरातलं माणूस बोलेल म्हणून वाट पाहत होते, दुसरं काय?

पिल्लांचं सांगते. तुरीच्या वाळक्या काड्यांचा, तुराट्यांचा, मोठा कूड घातला, बल्ब बदलला. म्होरक्या सापडला. लाल तुऱ्याचा, छाती काढून चालणारा. त्याला डालग्याखाली झाकून ठेवला तर बाकीचे पालक खात बसले, बादलकडे कोणी बघेना. काल त्याला बाहेर सोडला तर कोपऱ्यात उभा, कोणी विचारेना. बादलची जखम सुकली आहे, खपली धरली आहे. सगळं मी माझ्या हातांनी केलं. रविवारी मामानं काही विचारलं तर मी काय करीन ते मलाच माहीत नाही.

रागावलेली असले तरी तुझीच,
वैष्णवी


अनसिंग
२० जानेवारी २०२५

चि. सौ. वर्षाराणीस,
आईचे अ. उ. आ.

बैठक झाली. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून दुसऱ्या कोणाकडून ऐकण्याआधी सगळं माझ्याकडून ऐक.

मामा आला, मामी आली, आणखी दोघं जण जीपमध्ये भरून आणले होते. गोमतीबाई न बोलावता आली. मी चहा केला नाही. पाणी दिलं. मामानं आधी परसात जाऊन पिल्लं पाहिली आणि हसला, की हे जांभळं काय रंगवून ठेवलं, होळी आली काय. मी त्याला सांगितलं, की लाल दिसलं तिथे सगळे टोचत होते, म्हणून झाकलं. त्यानं मान डोलावली. त्याला काही कळलं नाही.

मग बसल्यावर त्यानं सुरू केलं. म्हणाला, संसारात भांड्याला भांडं लागतं, लोकायले काय तोंड दाखवायचं, नवऱ्यानं एखादी लगावली म्हणून कोणी घर सोडते काय. मी ऐकून घेतलं, थोरला आहे. नंतर तो वैष्णवीकडे वळून म्हणाला, की बाही वर कर, पाहू दे सगळ्यायले, केवढं लागलं ते, म्हणजे ठरवता येईल. आणि गोमतीबाई सरसावून पुढे झाली.

वर्षा, माझ्या अंगात काय शिरलं मला ठाऊक नाही. मी उठून वैष्णवी आणि गोमतीबाईच्या मध्ये उभी राहिले. जन्मात भावापुढे आवाज चढवला नव्हता, तो चढला. मी त्याला सांगितलं, की माझ्या लेकीनं मला एकदा सांगितलं आहे, ते पुरे आहे. ती इथे राहणार. तिला काय करायचं ते ती ठरवेल, कोर्टात जायचं तर मी तिच्यासोबत जाईन. आणि या घरात जो तिला टोचेल तो बाहेर. मामा म्हणाला, की तू मला बाहेर काढतेस? मी म्हणाले, हो, तुला आधी. त्याच्या चपला मी स्वतः उचलून ओट्याच्या खाली, रस्त्याकडे तोंड करून ठेवल्या. गोमतीबाईला म्हटलं, की तुझे उपकार मी विसरले नाही, पण ते माझ्यावर आहेत, माझ्या पोरीच्या अंगावर नाहीत. ती रडत गेली. मला वाईट वाटलं, तरी थांबवलं नाही. मामा जाताना बोलला, की आता माझ्या दारात पाय ठेवू नको. ते मला लागलं आहे, खोटं कशाला सांगू.

सगळे गेल्यावर वैष्णवीनं चहा ठेवला, आम्ही दोघींनी घेतला, आणि तिनं दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. संध्याकाळी तिनं बादलला कुडात सोडलं. मी म्हटलं, आजच कशाला? ती म्हणाली, की जखम भरली आहे आणि त्याला जायचं आहे, तेच कधीचं दाराशी चोच घासतंय. गेलं, दोघांना ढकललं आणि मधे जाऊन बसलं.

मी स्पीकर लावणं बंद केलं आहे. त्यामुळे काल रात्री तू फोनवर एवढं काय काय बोललीस, त्यातलं निम्मं मला ऐकूच आलं नाही. जरा मोठ्या अक्षरात लिहून पाठव, म्हणजे माझं मला वाचता येईल.

लोभ आहेच, तो कधी गेला नव्हता.
तुझी,
आई