वाफ्यातलं कुत्रं

जेचन,
२१ जून २०१६

प्रिय दल-सू,

तू खुशाल असशील असं धरून चालतो. इकडे मी आणि तुझी वहिनी बरे आहोत. फोनवर तुला डाव्या कानानं ऐकू येत नाही आणि उजव्यानं माझं ऐकायचं नसतं, असं ती म्हणते. म्हणून पत्र.

आपली शाळा बंद पडून नऊ वर्षं झाली, पण पटांगणातलं जिन्कगोचं झाड अजून उभं आहे. काल त्याच्याखाली बसून जुन्या कविता म्हटल्या. अर्ध्या मला आठवल्या, अर्ध्या वाऱ्यानं पुऱ्या केल्या. अंगणातलं लेट्यूसही छान आलं आहे, लाल कडांचं, आईच्या वेळी असायचं तसं. पानात भात आणि सोयाबीनची चटणी गुंडाळून घास केला की अजून तिची बोटं ओठांना लागल्यासारखी वाटतात.

आज सकाळी मी एक हरिणी मारली.

गेल्या वर्षी एकदा हरणांनी वाफा खाल्ला होता. तेव्हापासून वाफ्यात काही झालं की हरीण. यंदा जाळं लावलं, तरी चार दिवस खालची पानं नाहीशी होत होती. आज उजाडताना पाहतो तर हरिणी जाळ्यात मान अडकून पडलेली, पुढचे पाय वाफ्यात. मी कुदळ उचलली आणि दांड्यानं पहिला घाव पाठीवर घातला. ती ओरडली. ही हरणं माणसासारखी ओरडतात, तुला ठाऊकच आहे. तिथेच हात थांबायला हवा होता. उलट मला चेव आला. जबड्यावर मारलं, बरगड्यांवर मारलं, "खा, अजून खा" म्हणत मारलं. सत्त्याहत्तर वर्षांच्या या हातांत एवढं बळ कुठून आलं, कोण जाणे. ती गप्प झाल्यावरही दोन घाव जास्तीचे घातले.

तुझी वहिनी अनवाणी धावत आली. "अहो! वेड लागलंय का तुम्हाला?"

"हिनं सगळा वाफा खाल्ला!"

"हिनं? हरीण खातं तेव्हा बुडख्यासकट ओरबाडतं. एकेक पान देठाशी अंगठ्यानं मोडायला काय हरणाला बोटं आहेत? मी तोडली पानं."

"कशाला?"

"भावजींना पाठवायला. अठरा वर्षं पाठवतेय, दर जूनला. एरवी वाफा भरगच्च असतो, तुम्हाला कळत नाही. यंदा तुम्हीच कमी पेरलंत."

"मग मला सांगायचं नाही?"

"तुम्ही कधी विचारलंत त्यांच्याबद्दल?"

एवढं बोलून तिनं कुदळ माझ्या हातातून ओढून घेतली आणि कुंपणापलीकडे भिरकावली. मी तिथेच मातीत बसलो. दल-सू, ते ओरडणं मी ओळखलं होतं. पहिल्या घावालाच ओळखलं होतं.

लेट्यूसच्या वाफ्यात एकदा घाण केलेलं कुत्रं जन्मभर 'हेच ते कुत्रं' होतं, असं आजी म्हणायची. तू तर पाच वर्षांचा असताना खरोखरच वाफ्यात बसला होतास! सगळं गाव आठवडाभर हसलं आणि नाव चिकटलं. मग अंडं फुटलं, तू. वासरू सुटलं, तू. मीही हसायचो. सोयीचं होतं.

पंचावन्न साली आई मार्चमध्ये वाफा पेरून एप्रिलमध्ये गेली. बाबांनी त्यातलं एक पान खाल्लं नाही, कोणाला खाऊ दिलं नाही. बी धरायचं होतं. जुलैत वाफ्याला फुलं आली. त्या दिवशी शाळेत काव्यवाचन होतं आणि माझी कविता होती, 'आईनं पेरलेलं ऊन'. पहाटे मी विळ्यानं सगळा वाफा कापला आणि फुलांची मोळी वर्गात नेली. ती फुलं दुपारपर्यंत टिकत नाहीत, हे मला कुठे ठाऊक होतं! माझी पाळी येईतो सगळी मिटली. मास्तर म्हणाले, "इन-हो, सरपण कशाला आणलंस?"

मी परतलो तेव्हा अंगणात बाबा तुला मारत होते. याच कुदळीच्या दांड्यानं.

"आईचं बी खाल्लंस! वाफ्यातल्या कुत्र्या!"

"मी नाही, बाबा! मी नाही!"

मी दाराशी उभा होतो. लेट्यूसच्या चिकानं काळे झालेले हात पाठीमागे धरले होते. तुझं मनगट मोडल्याचा आवाज मी ऐकला. मग कानावर घाव बसला, तू माझ्या पायाशी कोसळलास आणि खालून तुला माझे हात दिसले. तेव्हापासून 'मी नाही' म्हणणं तू बंद केलंस. बाबा मारतच राहिले. तुझ्या कानातून रक्त आलं, तरी माझ्या तोंडून शब्द आला नाही. तू तेरा वर्षांचा होतास, मी सोळा. हाताची पट्टी सुटली आणि तू बुसानला निघून गेलास.

चौदा जुलैला बाबांची पुण्यतिथी आहे. आत्या आता नव्वदीची. दरवर्षी सगळ्यांदेखत म्हणते, "ते वाफ्यातलं कुत्रं यंदाही आलं नाही." आणि मी खाली मान घालून बाबांच्या तसबिरीपुढचा पेला भरतो. यंदा ती तसं म्हणाली की मी दोन्ही हात पुढे करून सांगणार आहे. तू आलास तरी, न आलास तरी. आलास तर माझ्या डावीकडे बस, म्हणजे तुझा उजवा कान माझ्याकडे येईल. माफी मागत नाही. तू ऐकावंस, एवढंच.

हरिणीला वाफ्याच्या कडेला पुरलं. सोबतच्या खोक्यात पानं आहेत. रक्त उडालेली वगळली आहेत. यंदाची मी तोडली आणि हात अजून धुतलेले नाहीत.

वाफ्यातलं खरं कुत्रं,
तुझा दादा
इन-हो