मेंढरांच्या गोळ्या

आप्पा,

तुम्ही गेल्याला आज चौदा दिवस झाले. मी कामावर परत आलेय, पण पिंजऱ्यांकडं बघवत न्हाय.

माझ्या कामाचं तुम्ही कधी खोलात विचारलं न्हाय. लोहाऱ्यात सगळ्यांना "माझी करिश्मा उंदरांची डॉक्टर हाय" म्हणून सांगायचात. डॉक्टर कसली! दुखण्यावरचं औषध उंदरांना महिनाभर पाजायचं, मग त्यांचं हृदय, यकृत, गुर्दे काढून वजन करायचं आणि कुठं काय बिघडलं ते लिहायचं. या औषधानं गुर्दे पांढरट पडतात, हे मार्चमध्ये मीच लिहून दिलं.

तेच औषध मेंढरांच्या गोळ्यांत असतं. मेंढरू लंगडलं की अर्धी गोळी त्याला आणि अर्धी तुमच्या गुडघ्याला, हे आईनं परवा सांगितलं. "जनावराला गुण येतो, तर मला का न्हाय?" म्हणायचात म्हणे.

तुमचे गुर्दे निकामी झाले तेव्हा दवाखान्यात विचारलं, "कुठल्या गोळ्या घेत होते?" मी ठासून सांगितलं, "कसल्याच न्हाय."

एक गोष्ट आईलाही बोलले न्हाय. जूनमध्ये तुमचा फोन आला, "मेंढरं लई लंगडत्यात, गोळ्यांची चार पाकिटं घेऊन ये." मी आणली. मेंढरं कोंडायच्या रिकाम्या वाडग्यावरनं चालत येऊन तुमच्या हातात दिली.

मेंढरं तर आपण दिवाळीलाच विकली होती, आप्पा. टेम्पोत चढवायला मीच हात लावला होता.

तुमची,
करिश्मा