तिसऱ्या वळणावरची माती

मार्शलोड,
२८ मार्च १९७६

ती. डॉर्कस आत्यास,
हेस्टरचा सा. न. वि. वि.

बाबांचा खोकला गेला. काल मोटारसायकल शर्यतींच्या हंगामाची पहिली लढत झाली, आपण चार गुणांनी जिंकलो. मी नेहमीसारखी कठड्याशी उभी राहून छापील कार्यक्रमपत्रिकेवर प्रत्येक शर्यतीचे आकडे पेन्सिलीने भरले. नऊ वर्षांची होईपर्यंत आईने मला घरीच शिकवलं आणि आकडे या पत्रिकांवरच गिरवून घेतले. जे पाहिलंस तेच लिही, ऐकलंस ते नको, असं ती म्हणायची. अजून हात तसाच चालतो.

रूबेन यंदा दक्षिणेतल्या क्लबकडून उतरतो आहे. बाबांच्या लेखी हे मुलाने घर सोडून जाणंच. ते त्याचं नाव घेत नाहीत. परवा पेपरात त्याचा फोटो आला, तर त्यावर त्यांनी बटाटे सोलले. पण सालं टाकताना फोटो हळूच बाजूला काढून ठेवला, हे मी पाहिलं.

ट्रॅकची निगा राखताना बाबांनी तिसऱ्या वळणाच्या बाहेरच्या अंगाला यंदाही जास्त माती टाकून ती ओली ठेवली आहे. आपली मुलं तिथून पूर्ण वेगात जातात, माती चाक धरते आणि गाडी गोफणीतून सुटल्यासारखी निघते. पाहुण्यांचं तेवढं धाडस होत नाही. हे प्रामाणिक आहे का, असं मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, अगं, आपल्या घरातली कुठली खुर्ची डुगडुगते हे तू पाहुण्यांना सांगत बसतेस का?

आपल्या संघातला कॉलिन पास्क हल्ली रविवारी जेवायला असतो. मटार वेचून ताटाच्या कडेला लावतो.

हिवाळ्यात होता तेवढाच लोभ हंगामातही राहू दे.

तुझी,
हेस्टर


सँडरली,
३ एप्रिल १९७६

चि. हेस्टर हिस आत्याचे अनेक आशीर्वाद.

चार पानांच्या पत्रात कॉलिनला दोनच ओळी दिल्यास, त्यावरून काय समजायचं ते मी समजले. ब्रेक नसलेल्या गाडीवर बसणाऱ्याशी लग्न करू नकोस, असं माझ्या आईने मला बजावलं होतं. मी तुझ्या विल्फकाकांशी केलं. मटार न खाणारा एक वेळ चालेल.

काकांचा पाय हवा ओली झाली की ठणकतो. काठी उगारून शेजारच्या मांजराला हाकलतात आणि मागच्या दाराने तिलाच दूध घालतात.

खुर्चीचं एझरा म्हणतो ते खरं आहे, सगळेच क्लब तसं करतात. पण कुठली खुर्ची डुगडुगते हे घरच्यांना ठाऊक असतं, तोवरच ते चालतं. तुझ्या बाबाने कधी ते वळण बदललं, तर डोळे उघडे ठेव. याहून जास्त आत्ता विचारू नकोस.

पत्रात स्वतःबद्दलही लिहीत जा, म्हणजे माझा जीव थाऱ्यावर राहील.

तुझी आत्या,
डॉर्कस


मार्शलोड,
११ जुलै १९७६

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

सात आठवडे झाले, पावसाचा थेंब नाही. लाल पाठीवर काळे ठिपके असलेले किडे सगळीकडे झाले आहेत. वाळत घातलेल्या चादरींवर बसतात, चहात पडतात, काल एक मला चावलासुद्धा. नळाचं पाणी ट्रॅकला देण्यावर बंदी आली आहे. बाबा कालव्याचं पाणी टाकीने आणतात, पण ते आतल्या बाजूलाच संपतं. बाहेरची माती भुकटी झाली आहे. शर्यत सुटली की पहिल्या गाडीच्या मागे तांबडा पडदा पडतो आणि मागचे तिघे त्यात आंधळे शिरतात.

आज सकाळी तिसऱ्या वळणावर जाऊन मी पट्टीने मोजलं. पाच इंच सुटी माती आणि खाली फरशीसारखी कडक जमीन. काल तिथे पाहुण्यांपैकी एकाचं गळ्याचं हाड मोडलं. आपल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, एझराची मेजवानी म्हणून हसले. मी पत्रिकेवर ‘पडला’ लिहिलं.

ती माती उपसून टाका, असं मी बाबांना सांगितलं. आता तू मला माती शिकवणार का, म्हणाले. आपली मुलं सरावली आहेत. कॉलिन म्हणतो, वळणाच्या बऱ्याच आधी गाडी आडवी टाकायची आणि घसरू द्यायची. माती चाक धरणारच नाही, हे मनाशी पक्कं केलं की भीती वाटत नाही. मला मात्र वाटते.

काकांना नमस्कार. माझ्यावर राग नसू दे, पत्र उशिरा लिहिते आहे.

हेस्टर


मार्शलोड,
१५ ऑगस्ट १९७६

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

सल्ला हवा आहे, उलट टपाली हवा आहे.

येत्या शनिवारी केल्सबीचा संघ इथे येतो. त्यांचा पहिला खेळाडू जायबंदी आहे. अशा वेळी दुसऱ्या क्लबचा माणूस एका दिवसापुरता उसना आणायची रीत तुला माहीत आहे. त्यांनी रूबेनला बोलावलं आहे. पत्रिका आधीच छापून झाली, तिच्यात जुनंच नाव आहे, त्यामुळे बाबांना पत्ता नाही. रूबेनने मला पत्र पाठवलं. लिहितो, हेटी, म्हाताऱ्याला एक शब्द सांगू नकोस. त्याच्याच वळणावरून बाहेरून जाणार आहे मी, डोळे मिटून जाईन, मग त्याचा चेहरा बघायचा आहे. नाही सांगणार, असं मी त्याला कळवूनही टाकलं.

आत्या, त्याला आठवतं ते वळण ओलं आहे. परके घाबरून तिथे वेग कमी करतात, पण रूबेन करणार नाही. तो त्या मातीवर वाढला आहे.

आणि ट्रॅकबद्दल बाहेर अवाक्षर काढणार नाही, असा शब्द मी बाबांना दहा वर्षांची असताना दिला आहे. दोघांना दिलेले दोन शब्द, आणि दोन्ही पाळले तर माझा भाऊ ट्रॅकभोवतीच्या फळ्यांवर जाईल.

मला झोप नाही. लवकर लिही, तोच तुझा लोभ समजेन.

हेस्टर


सँडरली,
१८ ऑगस्ट १९७६

चि. हेस्टर हिस आशीर्वाद.

दोन्ही शब्द मोड. रूबेनला सांग, एझराला सांग, दिसेल त्या प्रत्येकाला सांग. कोण रागावेल त्याचा विचार नंतर कर. तोंड मिटून बसण्याची किंमत मला माहीत आहे.

घाईत आहे, टपाल निघतंय.

आत्या


मार्शलोड,
२३ ऑगस्ट १९७६

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

रूबेन सुखरूप आहे. हे आधी लिहिते, कारण पुढचं लिहायला वेळ लागणार आहे.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. शनिवारी दुपारी मी बाबांना सांगितलं की केल्सबीकडून रूबेन उतरतो आहे. त्यांनी फावडं भिंतीला टेकवलं. मग म्हणाले, मी बघतो, तू कुणाला काही बोलू नकोस, त्यालाही नको. आणि आत्या, मी ऐकलं. एका माणसाला सांगितलं, एवढ्यानेच मला इतकं हलकं वाटलं की दुसऱ्याला सांगायचं धैर्य लागलंच नाही.

आपली मुलं दुपारी ट्रॅकवरून चालून, माती पायाने चाचपून गेली होती. त्यानंतर बाबांनी कालव्याच्या दोन टाक्या तिसऱ्या वळणावर रिकाम्या केल्या. आता कालव्याच्या पाण्यावरही बंदी आहे, म्हणून क्लबच्या मालकांना दिसू नये यासाठी वरून कोरडी माती भुरभुरवली.

तिसऱ्या शर्यतीत रूबेन बाहेरून गेला. मातीने चाक धरलं आणि तो सगळ्यांच्या पुढे निघाला. बाबांकडे बघून त्याने हात उंचावला. बाबांनी टोपी काढली आणि परत घातली. सहा महिन्यांत प्रथमच मी त्यांना हसताना पाहिलं. मीही हसले.

चौथ्या शर्यतीत कॉलिन होता.

त्याने शिकल्याप्रमाणे गाडी लवकर आडवी टाकली, घसरू दिली. माती धरणार नाही, हे त्याने मनाशी पक्कं केलं होतं. तिने धरलं. गाडी एकदम ताठ उभी राहिली आणि सरळ फळ्यांत गेली.

कंबरेखाली त्याला काही जाणवत नाही. डॉक्टर म्हणतात, सूज उतरेपर्यंत काही सांगता येणार नाही. मी भाऊ आणि बाप यांना तोलत बसले होते. रविवारी आमच्या टेबलाशी जेवणारा माणूस माझ्या मनातच आला नाही.

काल मी त्याच्यापाशी बसले होते. तो म्हणाला, हेटी, मीच चुकलो गं, जरा लवकरच आडवा झालो. मग थांबून विचारलं, वळण बदललं होतं का? तेवढ्यात नर्स आली आणि तिने मला बाहेर जायला सांगितलं. बाबा म्हणतात, सांगितलंस तर मला परत कुणी ट्रॅकवर पाऊल ठेवू देणार नाही, रूबेनलाही कळेल, आणि त्या पोराचे पाय काही परत येणार नाहीत.

हे शेवटचं खरं आहे. मी काय करू?

हेस्टर


सँडरली,
२५ ऑगस्ट १९७६

चि. हेस्टर हिस.

चोपन्न साली एझराने ते वळण एका दुपारी बदललं आणि आपल्या मुलांना सांगायचं राहिलं. त्या संध्याकाळी विल्फ पडला. मला आठवड्याने कळलं. एझरा माझ्या स्वयंपाकघरात बसून रडला आणि मी त्याला गप्प राहायचं वचन दिलं. धाकटा भाऊ होता.

बावीस वर्षं झाली. विल्फ अजून टेबलावर मीठदाणी आणि चमचा मांडून आपलं काय चुकलं ते दाखवतो. प्रत्येक वेळी त्याला वेगळी चूक सापडते. मी समोर बसून मान हलवते.

काल रात्रीच्या जेवणानंतर मी त्याला सांगितलं. तो अजून माझ्याशी बोललेला नाही. मांजर मात्र आज दिवसभर त्याच्या मांडीवर आहे.

तुला काय करायचं ते मी सांगत नाही. मी काय केलं ते लिहिलं आहे.

तुझी,
आत्या


मार्शलोड,
२७ ऑगस्ट १९७६

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. बाबांना वाचून दाखवलं. ते उठून अंगणात गेले.

रूबेनला मी काल सगळं लिहून पाठवलं. शनिवारची पत्रिकाही पुरी केली. चौथ्या शर्यतीचा चौकोन आठवडाभर कोरा होता. त्यात ‘पडला’ लिहिलं आणि खाली, जागा नव्हती तरी, बारीक अक्षरात लिहिलं की वळण दुपारी ओलं केलं होतं आणि त्याला कुणी सांगितलं नव्हतं. जे पाहिलं तेच. पत्रिका पिशवीत ठेवली आहे.

आत्ता खिडकीतून बाबा दिसत आहेत. पायरीवर बसून काळे बूट पॉलिश करताहेत. आईच्या अंत्ययात्रेनंतर ते कधी बाहेर काढले नव्हते. कशासाठी काढले हे मी विचारलेलं नाही. अजून पाऊस नाही. अंगणात लाल किडे मरून पडले आहेत, त्यांच्यावरून चालावं लागतं.

इस्पितळात भेटायची वेळ दोन ते चार आहे. मी दोन वाजता दारात असेन.

विल्फकाका बोलले की कळव. ते बोलेपर्यंत आपण दोघी एकमेकींना धरून राहू.

तुझी,
हेस्टर